पहिल्या हाकेची ओ

ही घडलेली गोष्ट आहे. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. उलट, घालावंसं वाटलेलं बरंच गाळलं आहे.

साल १९३६. चैत्री पौर्णिमेला चार दिवस होते. जागा, वाशीमहून पुसदकडे जाताना अनसिंगच्या अलीकडची, रस्त्याकाठची चिंच आणि तिच्याजवळची विहीर. वेळ भर दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वऱ्हाडातली चैत्रातली दुपार पाहिलेली नाही.

शिरपूरचे जानराव दमणी जुंपून माहूरगडाला निघाले होते. बैल हाकायला मुलगा जगदेव. मागं छताखाली सून विजयमाला आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची चंदा. आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. ही जगली, तर गडावर जावळ देईन, असं विजयमाला बोलली होती. नवस तिचा. दमणी, बैल आणि मतं जानरावांची.

जानरावांचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तसा तो तहसीलदारावरही नव्हता, पण तहसीलदाराला ते निदान नमस्कार करत.

चिंचेखाली भाकरी झाली. चंदानं गूळ खाल्ला, चिंचोके वेचले, मातीत पाच-सहा चिंचोक्यांची रांग मांडली. उन्हाचा जोर ओसरला तसे बैल जुंपले.

आमच्याकडं एक रीत आहे. लेकराला घेऊन वाटेत कुठं बसलं, तर निघताना त्याचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची. लेकराचा जीव खेळात रमतो. अंग उचलून नेलं, तरी तो तिथंच बसून राहतो.

विजयमाला चिंचेकडं वळली. "चंदे, चाल माय…"

"हजेरी काहून घेऊन राह्यली वं?" जानराव ओरडले. "पोरगी कडेवर अन् हाक झाडाले! बस गाडीत."

त्या दिवसापर्यंत विजयमाला सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलली नव्हती. ती दमणीत चढली.

एक हाक झाली होती.

दोन राहिल्या.

कोसभर गेल्यावर जगदेव म्हणाला, "बाबा, पोरगी लई गुमान हाये आज."

"झोपली असन."

झोपली नव्हती. डोळे टक्क उघडे होते.

रस्ता खड्ड्यांचा. दमणी आदळत होती. चंदाचे पाय हिंदकळत होते. पायांत चांदीचे वाळे, वाळ्यांना घुंगरं.

पण घुंगरं… वाजत नव्हती.

जानरावांनी बोटानं एक घुंगरू हलवलं. ते हललं. आवाज नाही. त्यांनी मनातल्या मनात सोनाराला शिवी दिली.

मग त्यांना तिचे ओठ दिसले. गुळानं चिकट झालेले. दमणीत माश्यांचा उच्छाद होता. बैलांच्या डोळ्यांवर माश्या, जानरावांच्या मिशीवर माश्या.

चंदाच्या ओठांवर…

एकही नाही.

समोर पुसदकडचे डोंगर निळे दिसायला लागले होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

छुम… छुम… छुम…

लहान पावलांचा. धावत येणाऱ्या.

जानरावांनी वळून पाहिलं. पांढरा, सरळ रस्ता. रिकामा.

आवाज थांबला.

"कोनाचे बैल असतीन," ते म्हणाले. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"मामाजी, गाडी वळवा."

विजयमाला बोलत होती. सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून.

"पोरीले ऊन लागलं असन. अनसिंगले वैद्य…"

"नाही वळवत, त मी उतरतो. हिले तुमीच ठेवा." तिनं चंदा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "हिच्यात काई नाही. माही पोरगी तिकडं हाये."

जानरावांनी नातीचा हात धरला. तो थंड नव्हता. गरमही नव्हता.

"जगदेव," ते हळूच म्हणाले, "वळव."

चिंचेची सावली लांब झाली होती. चिंचोक्यांची रांग तिथंच होती.

फक्त आता ती पाच-सहांची नव्हती.

ती थेट… विहिरीच्या काठापर्यंत गेली होती.

विजयमालानं खाली उतरून हाक मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला.

काहीच नाही. पानसुद्धा हललं नाही.

"तुमी मारा मामाजी. तुमीच थांबवलं व्हतं."

आयुष्यात कोणाला दुसऱ्यांदा हाक न मारलेले जानराव नात मांडीवर घेऊन दमणीच्या तोंडाशी सरकले.

"चंदे… चाल माय."

"चंदे, चाल."

मग तिसरी.

"चंदाबाई, चाला घरी. आबा चुकला."

"ओ, आबा!"

एक ओ मांडीवरून आली.

एक… विहिरीतून.

एकाच दमात.

घुंगरं वाजली. चंदा रडली, तिनं पाणी मागितलं. तिच्या ओठांवर एक माशी येऊन बसली. जानरावांनी तिला हाकललंसुद्धा नाही.

जगदेवनं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. अनसिंग येईपर्यंत कोणी मागं पाहिलं नाही. गडावर जावळ झालं. पुढं जानराव कुठूनही निघताना घरच्यांचीच नव्हे, बैलांचीही नावं घेत.

चंदा म्हणजे माझी आत्या. आता नव्वदी ओलांडली आहे. कान तिखट. तरी हाक मारली की ती लगेच ओ देत नाही. मान जराशी वाकडी करते. थांबते. मग "ओ" म्हणते.

मागच्या दिवाळीत मी विचारलं, "आत्या, आयकू येते, तरी थांबतं कायले?"

ती माझ्याकडं बघून गोड हसली.

"पहिले तिले बोलू देतो ना."

त्या मधल्या वेळात मला आजवर काहीही ऐकू आलेलं नाही.

तरी हल्ली मी आत्याला हाक मारत नाही. जवळ जातो, आणि खांद्याला हात लावतो.