चाळणीवर थांबलेल्या पेशी

तबकडीतल्या बारीक चाळणीखाली पेशींची ही गर्दी पाहिली आणि मंजूषाने सूक्ष्मदर्शकाला पुन्हा डोळा लावला.

परवा याच कॅन्सरच्या पेशी चाळणीवर गप्प बसल्या होत्या. आतापर्यंत तीनदा चाचणी झाली, तिन्ही वेळा हेच. नव्या औषधाने पेशींची चाल रोखली म्हणून कोलार रोडवरच्या तिच्या प्रयोगशाळेत पेढेही वाटून झाले. उद्या कागद परवानगी देणाऱ्या समितीपुढे जायचे, मग औषध रुग्णांना द्यायचं. त्या रुग्णांत मंजूषाची धाकटी बहीण होती, कांचन. तिचा स्तनाचा कॅन्सर फुप्फुसापर्यंत पोचला होता.

परवाची तबकडी फेकायची राहून गेली, म्हणून हे दिसलं तरी. औषध आत तसंच होतं, आणि पेशी खुशाल खाली उतरल्या होत्या. म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, तिचे कानच म्हणा ना. चाळणीखालच्या रसाची हाक त्या कानांनी ऐकली की पेशी तिकडे सरकते. औषधाने त्या कानांत बोळा घालायचा, एवढंच त्याचं काम.

थांबलेल्या पेशींचा नमुना मंजूषाने राखून ठेवला होता. त्यावर तिने रिसेप्टर दाखवणारा रंग घातला. औषध चिकटलेलं असलं तरी हा रंग लागतो. पण एकही कान उजळला नाही. बिनऔषधाच्या पेशी मात्र लख्ख उजळल्या.

तिने संशोधक विद्यार्थी प्रसादला बोलावलं.

"औषध कोणी घातलं?"

"मीच, मॅडम. बिलकुल मोजून."

"आणि बाटलीच्या तळाला चिकटलेल्या पेशी कोण सोडवतं?"

"निनाद सर. औषधवाल्या बाटलीत सर पेशी सोडवायचं एन्झाइम सगळ्यात आधी घालतात, अन् काढतात सगळ्यात शेवटी."

"दर वेळी?"

"हो ना. मला वाटलं, त्यांची तशीच आदत आहे."

मंजूषा खुर्चीत बसून राहिली. निनाद म्हणजे कांचनचा नवरा. त्याला इथे नोकरीला चिकटवलं होतं तिनेच. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण घरचं होतं.

दुपारी निनाद आला. तिने दार लावून घेतलं.

"पेशी सोडवायला आपण एन्झाइम घालतो, निनाद. ते जरा वेळच ठेवायचं. जास्त ठेवलं तर ते पेशीचे कानही कापतं. मग तिला हाकच ऐकू येत नाही, ती जाणार कुठे? मेली नव्हती ती. दिवसभरात नवे कान फुटले आणि उतरली खाली. औषधाने बोळा घातला असता तर कान दिसले असते. इथे कानच नव्हते. औषध कुचकामी आहे, आणि तुला ते ठाऊक होतं."

"फोन आला होता, ताई. विसरलो."

"तिन्ही वेळा? आणि औषधाच्याच बाटलीत?"

निनाद भिंतीला टेकला.

"पहिल्यांदा खरंच विसरलो. कांचनचा फोन होता, रडत होती ती. निकाल आला तो असा, पेशी थांबलेल्या. घरी सांगितलं, तर तिने पोहे मागून खाल्ले. किती दिवसांनी खाल्लं होतं तिने काही. दुसऱ्यांदा पेशी उतरल्या असत्या, तर तिला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं मी?"

"आणि बाकीचे? चालू उपचार सोडून जे आपल्याकडे येणार होते, त्यांचं काय?"

मंजूषाला त्याचा संताप आला, आणि तितकंच रडूही आलं. तिने समितीचे कागद उचलले आणि खणात टाकून कुलूप लावलं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. शिवाजी नगरच्या घरून, कांचनचाच फोन.

"ताई, उद्याचं पक्कं ना गं? पेशी थांबल्या ना?"

निनादने हात जोडले. मंजूषाने त्याच्याकडे पाठ केली.

"नाही गं, राणी. थांबल्या नाहीत. चूक आमची झाली."

पलीकडे कुठलंसं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"निनाद तिथेच आहे का?" मग कांचनने विचारलं.

"आहे."

"त्याचा डबा इथेच राहिलाय. त्याला काहीतरी खाऊन घ्यायला सांग."