निळा पडलेला सिरका

वैजनाथ पाठकांनी पिशवीतून बाटली काढली आणि झोपलेलं मूल ठेवावं तशी टेबलावर ठेवली.

"ही चोरी आहे," ते म्हणाले. "पण चोराने बाटली मागे ठेवलीय, तीही भरलेली. पोलीस हसतील, म्हणून तुमच्याकडे आलो."

गारखेड्यातल्या त्या एका खोलीच्या कचेरीत सोमनाथलाही हसू येत होतं. त्याची आतेबहीण अपेक्षा मात्र हसली नाही. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिने हेरगिरीचं दुकान थाटलं होतं. सोमनाथकडे दोन कामं होती: स्कूटर चालवणं आणि चुकीचे अंदाज बांधणं.

बाटलीत निळंशार पाणी होतं आणि गोकर्णाची फुलं, मागच्या हिरव्या टोप्यांसकट.

"माझ्या बायकोच्या, भानूच्या हातचा शेवटचा सिरका," पाठककाका म्हणाले. "उसाच्या रसाचा, अंगणातली गोकर्णं घातलेला. ती जाऊन वर्ष झालं. मी झाकण गच्च लावून कपाटात कुलपात ठेवला, कुणाला हात लावू दिला नाही. रंग जांभळट गुलाबी होता. आज सकाळी बऱ्याच दिवसांनी कपाट उघडून पाहतो तर हा!"

"उन्हानं उडाला असंल रंग."

"कपाटात ऊन, सोमनाथदादा?" अपेक्षा काकांकडे वळली. "किल्ली कुठं असते ते कुणाला ठाऊक आहे?"

"सून वैदेही, आणि कामाच्या आशाबाई. अठरा वर्षं आहेत त्या. सकाळीच त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. वैदेही तेव्हा बाहेर होती, तिला माहीत नाही." काका घुटमळले. "माझं चुकत असेल तर आजच सांगा. उद्या त्या यायच्या नाहीत."

पुंडलिकनगरला काकांच्या अंगणात आशाबाई फुलं खुडत होत्या. फूल हाती आलं की अंगठ्याने हिरवी टोपी उडवायची, मग फूल परडीत.

"देवाच्या फुलाचं हिरवं कशापायी काढता, मावशी?" सोमनाथने विचारलं.

"हाताला सवयच पडली, बाबा. काकू म्हनायच्या, हिरवं राह्यलं की सिरका कडू व्हतो." त्यांनी पदराने डोळे टिपले. "काकूंची वस्तू म्या चोरीन व्हय? काकांना लई सांगितलं."

तेवढ्यात फाटक वाजलं. वैदेही आली, हातात स्टीलचा डबा.

"रसवंतीतला रस," ती म्हणाली. "नुसता. बर्फ नाही, लिंबू नाही, आलं नाही."

"नुसता? लई गोडमिट्ट लागंल की!" गंगापूरच्या उसात वाढलेल्या सोमनाथला ते काही पटेना.

अपेक्षाने बाटलीचं विचारलं. "बाबांच्या कपाटात मी कशाला जाऊ?" म्हणत वैदेही लगबगीने आत गेली.

सोमनाथ पाणी प्यायला तिच्या खोलीवरून गेला आणि हात झाडत परतला. "काय चिलटं हायेत! फळं नासली जणू."

"घरात फळं दिसली तुला?"

"नाय."

अपेक्षाने सगळ्यांना बैठकीत बोलावलं. बाटलीतलं निळं पाणी वाटीत घेऊन त्यात लिंबू पिळलं. सोमनाथच्या डोळ्यांदेखत पाणी जांभळट गुलाबी झालं.

"गोकर्ण आंबटात गुलाबी होतं, साध्या पाण्यात निळंच राहतं. म्हणजे कुणीतरी सिरका काढून घेतला आणि पाणी भरून ताजी फुलं टाकली. पण हिरव्या टोप्यांसकट. आशाबाईंचा अंगठा ही चूक करणार नाही."

आशाबाईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"दुसरं, फळं नसताना चिलटं आंबणाऱ्या रसावर येतात. काका, घरच्या सिरक्यात एक जिवंत साय असते, दह्याच्या विरजणासारखी. तिला हवा लागते, खायला लागतं. तुमच्या गच्च झाकणाखाली ती उपाशी होती. चोर तिला जेवू घालतोय. रोज नुसता रस आणून. आणि त्यापायी आज सकाळी काकांनी आशाबाईंना कामावरून काढलं."

"आशामावशींना काढलं? माझ्यामुळं?" वैदेही ताडकन उठली. आतून तिने मलमलने झाकलेली बरणी आणली. फिक्या गुलाबी रसावर पातळ साय धरली होती.

"मला विचारलं का नाहीस?" काकांचा आवाज चिरकला.

"तुम्ही हात लावू दिला नसता. आणि साय जगेल याची खात्री नव्हती, बाबा. जगली नसती, तर आई गेल्याचं तुम्हाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं असतं."

काकांनी बरणीवर वाकून वास घेतला. बराच वेळ ते वर आलेच नाहीत.

मग अंगणात गेले. एक गोकर्ण खुडून टोपी काढू लागले, तर फूलच फाटलं. दुसरं त्यांनी मागे आलेल्या आशाबाईंपुढे धरलं.

"माझं चुकलं, आशाबाई. आणि हे मला जमत नाही. उद्या लवकर या."

"उद्या कशाला?" आशाबाईंनी परडी खाली ठेवली. "आत्ताच बघा. अंगठ्यानं. हळू, काका... हां, अस्सं."