वाट्याचं मडकं

मारोतीच्या देवळातलं मडकं आणायला मनकर्णालाच धाडलं. तिचं घर देवळाला लागून, म्हणून तिला सांगितलं, एवढंच. तिनं ते कोनाड्यातून उतरवलं, पदरानं धूळ पुसली आणि कडेवर घेऊन निघाली. मडकं रिकामं होतं, दीड वीत खोल. तरी शाळेच्या पटांगणापर्यंत येता येता तिची कंबर भरून आली.

चिंचधरीचं सगळं त्या मडक्यावर ठरायचं. कुणाच्या वावराला आधी पाणी, पोळ्याला कुणाची जोडी पुढं, गावच्या चिंचेची कुठली फांदी कुणाची. चिठ्ठी काढायची लहान लेकरानं, कारण लेकराच्या हातानं देवच वाटतो, असं लोक मानत. उद्धवराव मास्तरांना नशिबाचं नाव काढलेलं खपत नसे. पण वर्गात त्यांनीच एकदा सांगितलं होतं, की जुने ग्रीक लोकही असंच करत. लढाईच्या टोपात खुणेचे खडे घालून हलवायचे, आणि ज्याचा खडा उडून पडेल त्याला देवाचा कौल. त्यांच्या भाषेत दैव म्हणजे नुसता वाटा. एकदा ठरला की देवालाही तो बदलता येत नाही.

हे सगळं मनकर्णाला चुलीपाशी बसून सांगितलं होतं तिच्या लेकीनं, वच्छीनं. गावाच्या चिठ्ठ्या तेव्हा वच्छीच काढायची, आणि तिच्या हाताबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही. मग एका पावसाळ्यात थंडीतापानं ती गेली. साऱ्या गावाला ज्याचं त्याचं वाटून दिलं, आणि पोरीच्या स्वतःच्या वाट्याला आलं काय, तर आठ वर्षं! मनकर्णाचं काळीज अजून तिथंच अडकून होतं. वच्छीनंतर कुणी आपलं लेकरू त्या मडक्यापाशी बसवलं नाही.

आता गावच धरणाखाली जाणार होतं. नव्या वस्तीत कुणाला कुठली जागा, ते चिठ्ठीनं ठरायचं होतं. त्यासाठी आलेल्या सरकारी साहेबांनी वांकिडीच्या कचेरीतून पत्र्याचा डबा आणला होता, पण लोक हटून बसले. आमचं मडकंच पाहिजे, आणि लेकराऐवजी ज्यानं त्यानं आपला हात घालावा.

मनकर्णाला एकच हवं होतं: धरणाच्या बांधाकडची, अगदी कडेची जागा. तिथून नदीची थडी दिसली असती. थडीला वच्छीला माती दिली होती. गावाची बाकीची गेलेली लेकरंही तिथंच होती, कुणावर खुणेचा दगड होता, कुणावर नव्हता. पाणी चढल्यावर निदान त्या पाण्याकडं तोंड करून बसता आलं असतं. याहून जास्त तिनं देवाजवळ मागितलं नव्हतं.

पहिला हात यशवंतराव पाटलांनी घातला. मनगटापर्यंत गेला आणि थांबला. पाटलांनी तो झटक्यात काढला, चिठ्ठी साहेबांपुढं टाकली आणि तळवा धोतराला पुसत बसले. मास्तरांनी आपली चिठ्ठी काढली, मग चष्मा उतरवून ते तो कितीतरी वेळ पुसत राहिले. रणरणती दुपार होती. गावात एरवी दोन माणसं जमली की गलका, आणि इथं सारं गाव बसलेलं असून कुणी हूं की चूं करत नव्हतं. कोरड्या मडक्यातून मात्र ओल्या चिखलाचा वास येत होता.

शेजारची भागीरथा आपली चिठ्ठी घेऊन परतली ती मनकर्णाजवळ येऊन टेकली.

“बाई... म्या चिठ्ठी उचललीच नाई.”

“मंग?”

“हातात देली कोनी तरी...”

तेवढ्यात साहेबांनी मनकर्णाच्या घराचं नाव पुकारलं. नवऱ्यानं, नागोरावनं, तिलाच पुढं केलं. “तूच काढ. माह्याच्यानं नाई होत.”

तिनं हात घातला. बोटांना चिठ्ठ्या लागल्या नाहीत, बूडही लागलं नाही. हात कोपरापर्यंत गेला. आणि मग गार, ओली, लहान बोटं तिच्या बोटांना भिडली.

आईला ओळखायला उजेड लागत नाही.

“वच्छे...” ती मडक्यावर वाकून पुटपुटली. “कडेची दे वो माय... तुह्याजवळची दे.”

बोटं क्षणभर थबकली. मग त्यांनी एक चिठ्ठी तिच्या तळव्यावर ठेवली. मनकर्णानं ती टाकून दिली आणि तो हातच घट्ट धरला.

“मले नाई पायजे चिठ्ठी. तू चाल माह्यासंग... चाल घरी.”

नदीतून चालताना राहायचा तसाच तो हात थोडा वेळ तिच्या हातात राहिला. मग हळूच सुटला. तीच चिठ्ठी पुन्हा तळव्यावर आली. लहान बोटांनी तिचं एकेक बोट मिटवलं आणि मिटलेली मूठ वर ढकलली.

मूठ निघाली नाही. दुसरंच कुणीतरी तिच्या करंगळीला बिलगलं होतं. इवलासा हात, नुकत्या जन्मलेल्या जिवाचा, साऱ्या बळानं धरून.

“आटप ना वो बाई,” मागून चंपाबाई म्हणाली, “ऊन चढून राह्यलं.”

तो आवाज ऐकताच इवल्या हातानं करंगळी सोडली आणि तो आवाजाच्या दिशेनं मडक्याची भिंत चाचपू लागला.

मनकर्णानं हात बाहेर काढला. साहेबांनी चिठ्ठी वाचली. वरची ओळ, रस्त्याकाठची, धरणापासून सगळ्यांत लांबची जागा.

“बहुत अच्छा नंबर है, अम्मा!”

“नशीब काढलंस, मनकर्णा!” कुणीतरी म्हणालं. ती उभ्या जागी हमसून हमसून रडू लागली. पोरीनं आईला पाण्यापासून जेवढं दूर धाडता येईल तेवढं धाडलं होतं. लोकांना वाटलं, आनंदानं रडते आहे.

पुढची पाळी चंपाबाईची होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून तीच आली होती. तिला तीन मुलगे. लेक तिला कधी झालीच नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती मडक्यापाशी बसली तशी मनकर्णानं तिचा दंड धरला.

“चंपाबाई... हळू टाक हात.”

“काऊन?”

“तुही बी हाये आत... लय लहान हाये.”

चंपाबाईनं ‘कोन’ म्हणून विचारलं नाही. तिचं तोंड राखेसारखं झालं. मग तान्ह्या लेकराला न्हाऊ घालताना उतरवतात, तशा हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवू लागली.