शरयूताईंची करंगळी

रेणुकाने व्हायोलिनची पेटी उघडण्याआधी दोन्ही हातांवर करड्या रंगाच्या बाह्या चढवल्या, खांद्याशी पट्टे आवळले आणि मगच मांडी घातली. सांगलीच्या शरयूताई मोहरीर यांच्याकडे हल्ली नव्याने येणारी बहुतेक मुलं असंच करत.

या बाहीचं नाव ‘हस्तस्मृती’. तीन वर्षांपूर्वी शरयूताईंनी हातांना संवेदक चिकटवून महिनाभर वाजवलं होतं. तेव्हा त्यांच्या स्नायूंत उमटलेले सूक्ष्म विद्युतसंदेश यंत्राने टिपून घेतले, आणि आता बाही तेच संदेश शिकणाऱ्याच्या स्नायूंपर्यंत पोचवत असे. ज्यांच्या गावात व्हायोलिन शिकवणारं कुणी नाही त्यांची सोय होईल, म्हणून ताईंनी होकार दिला होता. रेणुका तशीच, जतच्या पलीकडच्या एका खेड्यातली. दोन वर्षं फक्त बाहीकडून शिकलेली, अशी ताईंकडे आलेली ती पहिलीच. ताईंसमोर ती आज पहिल्यांदाच बसत होती.

तिने अहिर भैरव सुरू केला. गज असा फिरला, की ताईंनी नकळत डोळे मिटले. मींड तर हुबेहूब त्यांचीच. डोळे उघडले तेव्हा त्यांची नजर पोरीच्या डाव्या हातावर गेली.

“करंगळीला काय लागलंय गं?”

“काही नाही, ताई.”

“मग मुडपून का ठेवलीस?”

“ती... तशीच राहते.”

“बाही काढ. आता उचल बघू.”

रेणुकाने जोर लावला. बाकीची बोटं थरथरली, करंगळी जागची हलली नाही.

शरयूताईंची स्वतःची डावी करंगळी लहानपणी दारात चिरडली होती, ती पुन्हा कधी सरळ झालीच नाही. तिच्यावाचून भागवायचं म्हणून त्यांनी अनामिकेने घसरत जायची वाट काढली. लोक त्याला शैली म्हणू लागले. शिष्यांना मात्र त्या पहिल्या दिवसापासून चारही बोटं वापरायला लावत. पण तोंडाने सांगितलेलं बाहीला कुठून कळणार? तिने फक्त हात टिपला होता, मुडपलेल्या करंगळीसकट.

ताईंनी मुकुल हळबेला फोन करून तडक बोलावून घेतलं. बाही बनवणारा मुकुल त्यांचाच जुना शिष्य. तो दारात चप्पल काढतोय तोच ताई कडाडल्या, “धडधाकट पोरांना पांगळं केलंस तू!”

“ताई, आमच्या लक्षात आलं होतं. पण लोकांना तुमचाच बाज हवाय. आज हजारो मुलं तुमच्यासारखी वाजवतात. याहून मोठा वारसा कोणता?”

“लक्षात आलं होतं? आणि गप्प बसलास?” ताईंचा आवाज चिरकला. “तुझ्याबरोबर शिकलेली वसुधा कीर्तनाला साथ करते, तिच्या गजाच्या पकडीवरून मी वर्षभर भांडले. दिलावर नाटकांना संगीत देतो, त्याला माझी मींड कधी आवडलीच नाही. तू तरी माझ्यासारखा वाजवायचास का रे? एकही जण माझ्यासारखा निघाला नाही, ही माझी कमाई होती. ती धुऊन टाकलीस. बंद कर ते!”

“दुसऱ्या कुणाचा हात टिपू. चारही बोटं नीट असलेला.”

“म्हणजे सगळी त्याच्यासारखी होतील!”

“आणि बंद केलं तर?” रेणुका एकदम ओरडली. “आमच्या गावात शिकवायला कोण येणार होतं? तुम्ही आला होतात?”



शरयूताई तिच्यासमोर खाली बसल्या. “बाहीशिवाय वाजव. चारही बोटांनी.”

रेणुकाने उजव्या हाताने करंगळी धरून तारेवर टेकवली आणि गज ओढला. स्वर फाटला. तिने पुन्हा ओढला, पुन्हा फाटला.

“हे माझं?” तिने विचारलं.

“हो. हे तुझं.”

“आणि मघाचं?”

“ते माझं होतं.”

रेणुकाने गज खाली ठेवला. “मग माझं कोण ऐकणार, ताई?”