आधी ‘का’ ते सांग

ऑफिसातल्या पहिल्याच दिवशी तिने त्याला टीमच्या कामांच्या फळ्यापाशी अडवलं. तो नव्या कामाची चिठ्ठी चिकटवत होता.

“ॲपमध्ये हे बटण कुणाला हवंय?”

“ग्राहकाला.”

“का?”

प्रोग्रामर बुवांनी चिठ्ठी उलटून मागची बाजू पाहिली. तीही कोरीच... आणि कानाच्या पाळ्या लालेलाल. तिला त्या पाळ्या तिथल्या तिथे आवडल्या.

ती टीमची बिझनेस ॲनालिस्ट. ग्राहक मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच. ते खोदून काढायचं आणि प्रोग्रामरांच्या गळी उतरवायचं, हा तिचा धंदा.

“आल्या का-बाई!” तो चिडवायचा.

“बाई म्हणालास तर तुझ्या कामातल्या चुका मीच काढीन.”

“काढ ना... कोण नको म्हणतंय?”

पण कंपनीचा नियम कडक होता. जोडप्याने एका टीममध्ये काम करायचं नाही. म्हणून काल तिने धीर करून साहेबांकडे बदली मागितली. आधी टीम सोडायची, मग त्याला मनातलं सांगून टाकायचं, असा बेत.

आज सकाळी सगळे नेहमीसारखे फळ्यापुढे उभे राहून आपापलं काम सांगत होते. त्याची पाळी आली.

“मी टीम सोडतोय. बदली मागितली होती... मिळाली.”

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. मग आपण हा खटाटोप कुणासाठी केला? सगळे पांगल्यावर तिने त्याला गाठलं.

“का?”

“सहज.”

“सहज कुणी काही मागत नाही. का?”

“एक मुलगी आहे... याच टीममधली. नियम माहितीय ना तुला?”

“कोण?”

“सगळ्यांच्या मनातलं काढतेस, आणि हे कळलं नाही?” पाळ्या पुन्हा लाल!

ती मटकन खुर्चीत बसली. “अरे वेड्या... मीही कालच बदली मागितलीय!”

तो काही बोलणार, तोच चहाचा कप घेऊन साहेब तिच्यापाशी आले. “तुमचंही काम झालं बरं का! शेजारच्या टीमला प्रोग्रामर हवा होता, ॲनालिस्टही हवी होती. सोमवारपासून दोघं तिकडे. एकत्रच!”

म्हणजे पुन्हा एकच टीम, आणि पुन्हा तोच नियम!

“साहेब, एकाला इथेच ठेवा,” ती कशीबशी म्हणाली.

“का?”

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. तिने डोळे गच्च मिटले.

“कारण... माझं प्रेम आहे याच्यावर.”

साहेबांचा चहा सांडला बुटावर. पण त्यांच्याहून मोठा धक्का प्रोग्रामरला बसला होता. हे वाक्य त्यानेही आत्ताच पहिल्यांदा ऐकलं होतं.

“परत एकदा सांग ना...” तो म्हणाला.

या वेळी मात्र तिने ‘का’ विचारलं नाही.