गाडीखालचा मास्तर

चिलुफ्या मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो झाडावर होता, आणि झाडाखाली दोन सिंह झोपले होते. त्याच्या एका पायात बूट होता. दुसरा बूट सिंहांकडे होता.

मी पट्ट्याच्या टिकटिकीमागे आले होते. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आमचं कामच ते. एका नर सिंहाच्या गळ्यात रेडिओचा पट्टा, आमच्या हातात अँटेना, आणि टिकटिक वाढली की बोलणं कमी करायचं. त्या दिवशी ती इतकी वाढली की मी गाडीच थांबवली. वर दुधीभोपळ्याएवढी फळं लोंबत होती. त्यांच्यामध्येच तो लोंबत होता... चेहरा मात्र बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

"नवीन ट्रॅकर तुम्हीच का?" मी हळूच विचारलं.

"हो. ठसे बघायला खाली उतरलो होतो."

"मग, दिसले?"

"दिसले. नंतर ज्यांचे होते तेही दिसले."

हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या हातातली अँटेना वाकडी झाली. तरी उतरवण्याआधी गाव विचारावं, ही आमच्याकडची रीत.

"कुठले तुम्ही?"

"कसामाचा. बेंबा."

मी इंजिन बंद केलं. आता घाई करण्यात अर्थ नव्हता.

मी न्गोनी जमातीची. आमचे आणि बेंबांचे पणजोबा एकमेकांशी लढले. लढून दमल्यावर दोघांनी ठरवलं, उरलेलं भांडण थट्टेत काढू. तेव्हापासून बेंबा भेटला की न्गोनीने त्याची टर उडवायची, त्याने आपली. त्याची वस्तू न विचारता उचलायची, त्याने आपली. रागवायची सोय नाही. मयतीलाही सुटका नाही. माझ्या आजोबांच्या शवपेटीवर आमचा बेंबा शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आमचा गुलाम आम्हाला न विचारता गेलाच कसा?" आजी रडता रडता हसली. त्यासाठीच तर ते असतं.

"आधी सांगायचं ना," मी म्हणाले. "माकडं खाणाऱ्याला भरल्या झाडावरून कशाला उठवू? जेवण चाललं असेल."

वरून आवाज आला, "न्गोनी का... तरीच गाडी इतकी हळू आली. वाटेत उंदरांची बिळं बघत आली असशील."

बेंबांना माकडांवरून आणि न्गोनींना उंदरांवरून चिडवायचं, ही जुनीच रीत. 'तुम्ही'चं 'तू' झालं ते तिथेच. मी गाडी झाडाखाली नेली. सिंहांनी एकेक डोळा उघडला आणि मिटला. तो टपावर उतरला, तिथून आत घसरला, माझ्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, "ऊन आहे."

ती टोपी मला परत मिळाली नाही.

खालचे दोघे म्हणजे मास्तर आणि शिंपी. मास्तरच्या गळ्यात पट्टा. जागा झाला की सगळ्यांकडे गृहपाठ न केल्यासारखा बघायचा. शिंपीचा कान फाटून असा जुळला होता की कुणीतरी घाईत टाका घातलाय असं वाटावं. ते भाऊ नव्हते. मास्तर इथल्याच कळपात वाढलेला, शिंपी नदी ओलांडून एकटाच आलेला. आधी दोघांनी एकमेकांना फाडलं, मग एकत्र राहू लागले. एकट्या नराच्या हाती कळप टिकत नाही.

तो उन्हाळा मला अजून स्वप्नासारखा आठवतो. सकाळी सगळं खोरं मधाच्या रंगाचं व्हायचं. नदीच्या दरडीतून लालगुलाबी वेडे राघू भुर्रकन सुटायचे, जणू कुणी गुलाल उधळलाय. सिंहाची ओळख त्याच्या मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून पटते. त्यासाठी चिलुफ्या माझ्या खांद्यावर कोपर टेकून माझ्याच दुर्बिणीतून बघायचा.

"डावीकडे, वरच्या ओळीत... झेलिपा, हलू नकोस."

"मी हलत नाहीये. तू श्वास घेतोयस."

"मग थांबवतो."

आणि खरंच थांबवायचा. मीही. मग सिंह जांभई द्यायचा आणि आम्ही दोघं एकदम हसत सुटायचो.

माझी दुर्बीण त्याची झाली. माझी उशी त्याची झाली. भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी मी मांडीवर उघडली की तिच्यात आधी त्याचा हात असायचा. "गुलामाचं ते मालकाचं," तो म्हणायचा. "मालकाला शेपूट आहे का ते बघून घे," मी म्हणायचे. छावणीत कुणी वळूनही बघत नसे. बेंबा-न्गोनी, चालायचंच.

तीच तर पंचाईत होती.

पाऊस तोंडावर आला. पाऊस पडला की आमचे रस्ते नदीत जातात आणि अर्धी छावणी बंद होते. साहेबांनी, बा टेम्बोंनी, न्याहारीला विचारलं, "चिलुफ्या, उद्या सकाळी ट्रक निघतोय. काफुएच्या छावणीत एक जागा आहे. जातोस, की चिखलात राहतोस?"

माझ्या चहात स्वतःचा पाव बुडवत तो म्हणाला, "मी कशाला जाऊ? मी हिच्याशी लग्न करणार आहे."

बा टेम्बोंच्या नाकातून चहा आला. स्वयंपाकघरातून हसू आलं. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

"आधी माकडं सोड."

"सोडली."

"उंदीर खाशील?"

"तू भाजलेस तर."

पुन्हा हशा. माझ्या छातीत मात्र कुणीतरी टिकटिक वाढवत नेत होतं. तो खरं बोलत असेल आणि मी हसले, तर तो काफुएला गेला. तो थट्टा करत असेल आणि मी खरं धरलं, तर माझ्या मयतीला पेटीवर बसून कुणीतरी बेंबा तो किस्सा सांगणार. आणि मला हसताही येणार नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही मास्तरजवळ होतो. तो एकटाच होता. शिंपी बरेच दिवस दिसला नव्हता आणि पलीकडच्या काठावरून तीन परके नर गर्जत होते. डोंगराच्या कडेला ढग येऊन नुसते उभे होते. उकडत होतं. मास्तर उठला, सावकाश चालत आला आणि आमच्या गाडीखाली, सावलीत, आडवा झाला.

आता इंजिन लावता येईना, उतरता येईना. टिकटिक इतकी वाढली की आम्ही यंत्रच बंद केलं. वायरलेसवर बा टेम्बो आले.

"परत या, आभाळ भरलंय."

"येता येत नाही. मास्तर गाडीखाली झोपलाय."

"त्याला उठव."

"तुम्ही उठवा की. देऊ का त्याच्याकडे?"

"झोपू दे," ते म्हणाले.

मी पुडी उघडून मांडीवर ठेवली आणि वाट बघितली. हात आला नाही.

मी वळून पाहिलं. चिलुफ्याने माझी टोपी डोक्यावरून काढली, काचेपाशी नीट ठेवली. मग दोन्ही तळवे पोकळ करून त्याने हळूच टाळी वाजवली... एकदा, दोनदा. वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशी.

"झेलिपा," तो म्हणाला. "यातला एक शेंगदाणा घेऊ का?"

मी घाबरले. खरंच घाबरले.

"तुला ताप आलाय का?"

"नाही."

"मग विचारतोयस कशाला? तुझा हक्क आहे ना?"

"हक्काने घ्यायचं ते सगळं घेऊन झालं," तो म्हणाला. "टोपी, उशी, दुर्बीण. हे तसं नाही घ्यायचं. हे... तू दिलंस तरच."

"आणि नाही दिलं तर?"

"तर उद्या ट्रकमध्ये बसेन. उपाशी."

मी त्याचा चेहरा न्याहाळला, मिशांचे ठिपके बघावेत तसा, एकेक करून. हसू कुठेच नव्हतं. हा माणूस मला अनोळखी वाटला, आणि मनात आलं — मी हो म्हटलं आणि हा जन्मभर असाच सभ्य राहिला तर? माझा तो झाडावरचा कुठे जाईल?

तेवढ्यात गाडीचा पत्रा थरथरला. मास्तर घुमला होता. गर्जना नव्हती ती. घरातल्या घरात एखाद्याला हाक मारावी तशी, हळू. ते आमच्या तळपायांतून वर आलं. पुन्हा एकदा घुमला. आणि लांब, बोरूच्या बेटातून, उत्तर आलं.

गवत हललं. आधी तो टाक्याचा कान दिसला. शिंपी लंगडत होता, पण येत होता. मास्तर गाडीखालून निघाला, दोघं समोरासमोर आले, आणि दोघांनी डोक्याला डोकं घासलं... कितीतरी वेळ. मी श्वास थांबवून बघत राहिले. शेजारीही श्वास थांबला होता, असं मला वाटलं.

"घे," मी समोर बघतच म्हणाले. "एकच काय, सगळं घे. चिखलात राहा."

त्याने माझा हात हातात घेतला. तळवा गरम होता, किंचित खरखरीत, मिठाचा. मी बोटं मिटली.

"आणि शेंगदाणे?" मी विचारलं.

"ते संपले."

मी खाली पाहिलं. पुडी रिकामी होती.

"तू उत्तर द्यायला फार वेळ लावलास," तो म्हणाला. "भीतीने खाल्ले."

माझा जीव भांड्यात पडला. हा तोच होता.