बंद न होणारं मशीन

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर किन्हवलीला या, मशीन अजून चालू आहे. चहा पाजेन, पण त्याला हात लावू देणार नाय.

२००७ चा मे महिना. मंगळवार, दुपारचे अडीच.

त्याआधीचं थोडं सांगते. मी प्रियांका, गावात टायपिंगचा क्लास चालवायचे. हौसेनं जुन्या भाताच्या बियाण्यांची वेबसाइट काढली होती. लोक प्रश्न विचारायचे, लोकच उत्तरं द्यायचे. सहा वर्षांची ही चर्चा भाड्याच्या सर्व्हरवर होती. भाडं दुप्पट झालं. महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे हलवलं नाही, तर सगळं पुसलं जाणार होतं.

नवा सर्व्हर परवडत नव्हता. साधा कॉम्प्युटर घ्यावा तर आमच्याकडे सात-आठ तास लोडशेडिंग, यूपीएस कुठवर पुरणार? मग डोक्यात आलं... जुना लॅपटॉप. बॅटरी आतच असते, वीजही कमी खातो.

मुरबाडला मंगेशच्या दुरुस्तीच्या दुकानात एक सापडला. रॅम चांगली, डिस्क चांगली, किंमत अगदीच कमी.

"ताई, हा नका घेऊ," मंगेश म्हणाला. "बॅटरी जेमतेम वीस मिनिटं. आणि दोघांनी परत आणून दिलाय."

"का, बिघडलाय?"

"बिघाड काय नाय. बंदच होत नाय तो."

"मग सर्व्हरला दुसरं काय लागतं? बॅटरी नंतर बदलेन. बांध."

सोमवारी संध्याकाळी घरी आणून सगळी चर्चा त्याच्यावर चढवली.

मंगळवारी सकाळी आठलाच लाइट गेली.

अडीच वाजले तरी लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येत होता...

मोडेमचा दिवा विझलेला, म्हणजे इंटरनेटही बंद. तरी स्क्रीनवर नवी उत्तरं पडत होती. सहा वर्षांत ज्या प्रश्नांना कुणीच उत्तर दिलं नव्हतं, फक्त त्यांनाच.

लिहिणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी...

मी लॅपटॉप उलटा केला. बॅटरी काढून कॉटवर ठेवली.

पंखा चालूच.

माझा धाकटा भाऊ आदेश दारात उभा होता. "तायडे, सोड ते. मी नदीत टाकून येतो."

"हात लावलास तर बघ. माझी सहा वर्षं हायत त्याच्यात."

तेवढ्यात सगळ्यात जुना प्रश्न वर आला. माझाच. आमची आई सकुबाई वारली, तेव्हा तिचं तांबड्या भाताचं बी घरात कुठंच सापडलं नव्हतं. ते कुणाकडे आहे का, असं मी विचारलं होतं.

खाली एकच ओळ आली.

"माळ्यावर, पत्र्याच्या पेटीमागं, गाडग्यात."

तो माळा आम्ही दहा वेळा झाडला होता.

मी चढले. पेटी सरकवली. मागे गाडगं होतं, तोंड शेणानं लिंपलेलं, आई लिंपायची तसंच.

बोट लावलं...

शेण ओलं होतं.

आदेश खाली रडायला लागला. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू? पण रागही आला. आईचं बी माझं आहे, कुणी का दिलं असेना. जूनमध्ये पेरलं. उगवलं.

ही गोष्ट पसरली आणि वेबसाइटचे सभासद म्हणाले, मशीन बदला, नायतर आम्ही चाललो. एकानं चांगला सर्व्हर फुकट देऊ केला. मी लिहिलं, ज्याला जायचं त्यानं खुशाल जावं. निम्मे गेले. मशीन जागचं हललं नाय.

दिवाळीत एका दुपारी घरात एकटीच होते. मोडेमची वायर काढली आणि मशीनवरच नवा प्रश्न टाकला.

"आई, तूच हायस का?"

खरं तर तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

उत्तर आलं नाय. अजूनही आलेलं नाय. पण पानाच्या तळाशी, किती जण ते पान उघडून बसलेत तो आकडा दिसतो. वायर काढलेली, घरात मी एकटी...

"हा प्रश्न आता वाचणारे : दोन."

लोक मला म्हणतात, एकदा बंदचं बटण दाबून तरी बघ. नाय दाबणार. दाबलं आणि या वेळी ते खरंच बंद झालं तर?